मीटर एक दाखवतं, कीवे चौदा: उद्यमनगरातल्या एका शाफ्टचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच छपराखाली तयार होणारा पार्ट विरळाच. फोर्जिंग एकीकडून येतं, टर्निंग दुसरीकडं होतं, हार्डनिंग तिसरीकडं, क्रॅक टेस्ट शिरोली एमआयडीसीत. टेम्पोत बसून अर्धं कोल्हापूर पालथं घातल्याशिवाय शाफ्टला पुण्याचा रस्ता दिसत नाही. या प्रकरणातलं वर्कशॉपही त्यातलंच. मालक पन्नाशीचे, वडिलांपासूनचा धंदा, हाताखाली पंधरा-वीस माणसं. त्यांच्या संमतीनं हे लिहितो आहे. त्यांची, गिऱ्हाइकाची किंवा टेस्टिंगवाल्याची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी पॉलिटेक्निकात भौतिकशास्त्र शिकवायचो. एक जुना विद्यार्थी मालकांचा भाचा लागतो, त्याच्यामुळं यात पडलो.

पार्ट म्हणजे गिअरबॉक्सचा आउटपुट शाफ्ट. ईएन-१९ पोलाद, ६० मिलिमीटर व्यास. टर्निंग झालं की बेअरिंगच्या जागा इंडक्शननं, म्हणजे कॉइलमधल्या करंटनं तापवून, हार्ड करायच्या, मग ग्राइंडिंग, मग शिरोलीला क्रॅक टेस्ट. तिथंच डीमॅग करून, म्हणजे टेस्टमध्ये चढलेलं चुंबकत्व उतरवून, टोकांवर गॉस (चुंबकीय क्षेत्राचं एकक) मोजून, रिपोर्टसकट माल परत येतो आणि उद्यमनगरातून पुण्याकडच्या गिऱ्हाइकाला जातो.

क्रॅक टेस्टबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळी गोम तिथंच आहे. शाफ्ट दोन हेडमध्ये धरून त्यातून थेट करंट सोडतात, याला हेडशॉट म्हणतात. मग शाफ्टभोवतीच्या वेटोळ्यातून करंट सोडतात, तो कॉइलशॉट. शाफ्टवर चमकणारी लोहभुकटी मिसळलेलं तेल सोडत राहायचं आणि अंधारात अतिनील दिव्याखाली बघायचं. भेग असेल तिथं हिरवट रेघ उजळते. ही युक्ती पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत विल्यम होक यांच्या लक्षात आली. चुंबकीय चकवर धरलेल्या कडक पोलादाच्या तुकड्यांवर ग्राइंडिंगची भुकटी भेगांच्या नक्षीतच बसते, हे त्यांनी पाहिलं. त्याही आधी, १८६८ मध्ये, तोफांच्या नळ्या चुंबकित करून त्यांच्यावरून होकायंत्र सरकवत दोष शोधल्याची नोंद आहे. सुई जिथं दचकेल तिथं खोट.

उन्हाळ्यात ड्रॉइंगची नवी आवृत्ती आली. कीवे, म्हणजे चावी बसवायची खाच, तोवर कोल्हापुरातच हार्डनिंगच्या आधी मारली जायची. नव्या ड्रॉइंगमधून ती काढली होती. आता गिऱ्हाईक ती आपल्याकडं, जोडीच्या पार्टला जुळवून मारणार होतं. एक ऑपरेशन कमी झालं आणि दर फारसा उतरला नाही, त्यामुळं उद्यमनगरात सगळे खूश. दुसरा विचार कुणाच्या मनात आला नाही.

अडचण

नव्या ड्रॉइंगचा पहिलाच मोठा लॉट पुण्यात अडकला. कीवे मारल्यावर मिलिंगचा कीस खाचेतून निघेना. हवेचा झोत मारला तरी कडांना केसांसारखा उभा राहायचा. त्यातला बारीक बुरा बेअरिंगमध्ये गेला आणि टेस्ट बेंचवर काही गिअरबॉक्स घरघरू लागले. त्यांनी कीवेवर गॉसमीटर धरला, रीडिंग १४ गॉस. ड्रॉइंगवरची मर्यादा ३ गॉसच्या आत. लॉट होल्डवर गेला आणि डेबिट नोटची, म्हणजे नुकसान वर्कशॉपच्या बिलातून कापायची, भाषा सुरू झाली.

इकडं शिरोलीच्या रिपोर्टवर प्रत्येक शाफ्टसमोर एक-सव्वा गॉस. होल्डवरच्या लॉटमधले राखून ठेवलेले नग पुन्हा मोजले, तरी तेवढेच. मग ईमेलची देवघेव. त्यांचं म्हणणं, तुम्ही डीमॅग न करता माल पाठवता. यांचं म्हणणं, आमच्याकडून साफ गेलाय, तुमच्या मिलिंग मशीनवरच्या चुंबकीय पकडीनं धरलं असणार. दोन्ही मीटरांची कॅलिब्रेशन सर्टिफिकेटं दोन्हीकडून जोडली गेली.

मालकांचं गाऱ्हाणं सरळ होतं. "सर, आमचं मीटर एक दाखवतंय, त्यांचं चौदा. आता दोन्हीतलं कुठलं मीटर पंचगंगेत टाकायचं, तेवढं सांगा."

पहिला निर्णयाचा टप्पा इथंच होता आणि तो जवळजवळ हातचा गेला होता. मालकांचं भांडायचं ठरलं होतं. बाहेरच्या लॅबकडून तिसरं रीडिंग घ्यायचं आणि ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर मारायचं. लॅबनंही टोकांवर मोजून एकच गॉस दिला असता, भांडण महिनाभर रंगलं असतं आणि ऑर्डर दुसऱ्याकडं गेली असती. क्वालिटी बघणारी मुलगी, नुकतीच डिप्लोमा झालेली, तिनं अडवलं. तिचा प्रश्न एकच होता: "त्यांनी कीवेवर मोजलंय. आपल्याकडं कीवेच नाही. मग आपण तेच मोजतोय का?"

आधी कोणावर संशय

सगळ्यांचं बोट शिरोलीच्या डीमॅगवर बसणाऱ्या पोराकडं होतं. त्याला कारणही होतं. डीमॅगच्या कॉइलमधून ५० हर्ट्झची एसी वाहते, म्हणजे चुंबकीय क्षेत्र सेकंदाला शंभर वेळा उलटतं. शाफ्ट कॉइलमधून सावकाश ओढत हातभर-दोन हात लांब न्यायचा आणि मगच स्विच बंद करायचा. शाफ्ट आत असतानाच बटण दाबलं, तर ज्या क्षणी करंट तुटला त्या क्षणाचं चुंबकत्व शाफ्टमध्ये गोठून राहतं. घाईत असा प्रकार होतो. पण तो झाला असता तर शाफ्टच्या टोकांवर रीडिंग चढलं असतं आणि टोकं तर साफ होती. शिवाय दुपारभर उभं राहून पाहिलं, पोरगं काम नीट करत होतं.

दुसरा संशय इंडक्शन हार्डनिंगवर. कॉइल, जबर करंट, चुंबक झालं असेल तर तिथंच, असं फोरमनचं मत. पण लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की त्याचं लोहचुंबकत्व सुटतं. पिएर क्यूरी यांनी १८९५ मध्ये तापमान आणि चुंबकत्वाचा जो अभ्यास मांडला, त्यावरून या तापमानाला क्यूरी तापमान म्हणतात. हार्डनिंगला शाफ्टची कातडी त्याहून जास्त तापते. गाभा एवढा तापत नाही, त्यामुळं हार्डनिंगमध्ये सगळं पुसलं जातं असं म्हणता येणार नाही. पण हार्डनिंग होऊन ग्राइंडिंगला आलेल्या, शिरोलीला न गेलेल्या शाफ्टला टाचणीसुद्धा चिकटत नव्हती. हार्डनिंगचा हात आहे, पण वेगळ्या अर्थानं. पोलाद कडक केलं की ते मिळालेलं चुंबकत्व सहजी सोडत नाही. मऊ लोखंडाची गोष्ट निराळी, ते पटकन धरतं आणि पटकन सोडतं. म्हणूनच रिलेचा गाभा मऊ लोखंडाचा असतो आणि जुने कायमचे चुंबक कडक पोलादाचे असत.

तिसरा संशय गिऱ्हाइकाच्या मिलिंग मशीनवर. तो खोटा ठरवायचा तर प्रयोगच हवा होता.

चुंबकत्व लपतं कुठं

प्रयोगाआधी मालकांना आणि त्या मुलीला कागदावर चित्र काढून समजावलं. ते इथं सविस्तर देतो, कारण असा माल करणाऱ्या बऱ्याच जणांना याचा पत्ता नसतो.

१८२० मध्ये कोपनहेगनमध्ये हान्स क्रिश्चन ओर्स्टेड यांना दिसलं की तारेतून करंट गेला की शेजारची चुंबकसुई वळते. चक्रावणारी गोष्ट पुढंच होती. सुई तारेकडं ओढली जात नव्हती, ती तारेला आडवी उभी राहत होती. करंटचं चुंबकीय क्षेत्र तारेभोवती गोल फिरतं. त्याच वर्षी आंद्रे-मारी अँपिअर यांनी त्याला गणिताची बैठक द्यायला सुरुवात केली. हेडशॉटमध्ये हेच घडतं, तारेच्या जागी आपला शाफ्ट. ६० मिलिमीटरच्या शाफ्टमधून १००० अँपिअर सोडले तर त्याच्या पृष्ठभागावर करंटचं स्वतःचं क्षेत्र सुमारे ६७ गॉस येतं. कोल्हापुरात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण ०.४ गॉस आहे, म्हणजे हे दीडशे पटींहून जास्त. शाफ्ट त्या क्षेत्रात बांगडीसारखा गोल चुंबकित होतो.

करंट बंद केला की सगळं चुंबकत्व जात नाही. पोलादाच्या आत छोटेछोटे भाग असतात, प्रत्येक भाग एका दिशेनं आधीच पूर्ण चुंबकित. ही कल्पना पिएर वाइस यांनी १९०७ मध्ये मांडली. बाहेरचं क्षेत्र या भागांच्या सीमा सरकवतं, एका दिशेचे भाग वाढतात. क्षेत्र काढून घेतलं की सीमा परत फिरू पाहतात, पण कडक पोलादात वाटेतच अडकून पडतात. म्हणून पोलादाला आपला पूर्वेतिहास आठवतो. जेम्स आल्फ्रेड यूइंग यांनी १८८० च्या दशकात या मागं रेंगाळण्याचा कसून अभ्यास केला, आणि डीमॅगचं सगळं शास्त्र त्यांच्या त्या बंद वळणाच्या आलेखात आहे. क्षेत्र पुन्हा पुन्हा उलटवत दर वेळी थोडं कमी करायचं, म्हणजे आलेखाचं वळण आक्रसत आक्रसत शून्यापाशी येतं. सुरुवात मात्र पोलादाच्या अडेलपणाहून मोठ्या क्षेत्रानं व्हायला हवी.

आता मुद्द्याचं. कॉइलशॉटनं शाफ्ट लांबीच्या दिशेनं चुंबकित होतो, एका टोकाला उत्तर ध्रुव, दुसऱ्याला दक्षिण. टोकावर मीटर धरला की रीडिंग येतं. हेडशॉटनं शाफ्ट गोल चुंबकित होतो आणि गोलाला टोक नसतं. बलरेषा शाफ्टच्या आतच फिरून स्वतःला येऊन मिळतात, ध्रुव कुठंच उघडा पडत नाही. बाहेर मीटर कुठंही धरा, जवळपास शून्य. उसाच्या पाटाला पाणी भरून वाहत असलं तरी वरंबा शाबूत असेपर्यंत शेजारची सरी कोरडीच राहते, तसं. कीवे मारणं म्हणजे तो वरंबा फोडणं.

कापल्यावर नवे ध्रुव उघडे पडतात ही गोष्ट काही नवी नाही. पेत्रुस पेरेग्रिनुस नावाच्या फ्रेंच विद्वानानं १२६९ मध्ये एका पत्रात लिहून ठेवलं आहे की चुंबकदगडाचे दोन तुकडे केले तर प्रत्येक तुकड्याला आपले दोन ध्रुव मिळतात. साडेसातशे वर्षांपूर्वीची ती नोंद आणि पुण्यातली डेबिट नोट एकाच गोष्टीबद्दल आहेत.

एक शंका मालकांनी रास्त काढली: "पण आपण डीमॅग करतोय की. गोल असू दे, लांब असू दे, जायला नको का?" जायला हवं होतं, पण अडचण खोलीची आहे. टेस्टचा हेडशॉट डीसीचा, त्याचं चुंबकत्व शाफ्टमध्ये खोलवर बसतं. डीमॅगची कॉइल ५० हर्ट्झ एसीची. एसीचं क्षेत्र पोलादात खोल शिरत नाही, त्यातच उमटणारे भोवऱ्यासारखे करंट त्याला वाटेत अडवतात. अशा पोलादात वरच्या काही मिलिमीटरपलीकडं त्याचा जोर उरत नाही. कीवे १८ मिलिमीटर रुंद आणि ७ मिलिमीटर खोल. वरची साफ झालेली कातडी ओलांडून कटर थेट चुंबकित पोलादात उतरत होता.

खात्री कशी केली

इथं दुसरा निर्णय. खात्री करायची म्हणजे शाफ्ट कापून वाया घालवायचे. मालक चांगला माल द्यायला तयार नव्हते आणि ते बरोबरही होतं. ग्राइंडिंगमध्ये अंडरसाइज झालेले शाफ्ट रॅकखाली पडून होते, भंगारात जायच्या वाटेवर. त्यातले काही शिरोलीची टेस्ट झालेले, काही टेस्टच्या आधीच बाद झालेले. पोलाद तेच, हार्डनिंग तेच, फरक फक्त हेडशॉटचा. याहून चांगली जोडी लॅबमध्येही जमली नसती.

दोन्ही प्रकारचे शाफ्ट एकाच मिलिंग मशीनवर, साध्या व्ही-ब्लॉक आणि क्लॅम्पमध्ये धरले. चुंबकीय पकड मुद्दाम टाळली. कापायच्या आधी दोन्हींची रीडिंगं एकच्या आसपास. टेस्ट न झालेल्या शाफ्टमध्ये कीवे मारला, कीस फुंकर मारताच उडाला, रीडिंग एकच्या आतच. मग टेस्ट झालेला शाफ्ट चढवला. कटर तीन-चार मिलिमीटर उतरला असेल नसेल, तोच कीस खाचेच्या कडेला उभा राहायला लागला. मशीनवरचे मामा तीस वर्षं हेच काम करतात. त्यांनी ब्रश फिरवला, कीस पडला आणि पुन्हा जाऊन चिकटला. "कापल्यावर धरतंय बघा सर ह्ये. आधी न्हवतं," एवढंच म्हणाले. खाच पूर्ण झाल्यावर मीटर १३ वर.

मग एक छोटं होकायंत्र घेतलं, शाळेच्या प्रयोगपेटीत असतं तसलं. शाफ्टवर अख्ख्या भागावरून गोल फिरवलं तर सुई जरा हलली, एवढंच. खाचेवर आणलं तर एका कडेशी सुईचं उत्तर टोक ओढलं गेलं आणि दुसऱ्या कडेशी आणताच सुई गर्रकन फिरून दक्षिण टोक पुढं. १८ मिलिमीटरच्या अंतरात समोरासमोर दोन ध्रुव. मुलीनं खाचेवर कागद ठेवून ग्राइंडरचा बुरा भुरभुरवला आणि मोबाइलवर फोटो काढला. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बुऱ्याच्या कमानी स्पष्ट उठल्या होत्या. सगळ्या पत्रव्यवहारापेक्षा तो एक फोटो जास्त कामाला आला.

तिनं आणखी एक गोष्ट केली, जी मला सुचली नसती. जुन्या ड्रॉइंगचा एक शाफ्ट स्टोअरमध्ये नमुना म्हणून ठेवलेला होता, कीवे आधीच मारून मग टेस्ट झालेला. त्याच्या खाचेत ६ गॉस निघाले. म्हणजे जुना मालही मर्यादेबाहेरच जात होता. आधीच मारलेल्या खाचेच्या भिंतींवर डीमॅगचं क्षेत्र थोडंफार पोचत असल्यानं आकडा कमी होता, आणि टेस्टनंतर कीस पडायचं कामच उरत नसल्यानं चिकटायला काही नव्हतं. वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, इतकंच.

हे गिऱ्हाइकाला सांगायचं का, यावर वर्कशॉपमध्ये बरीच ओढाताण झाली. मालकांनी शेवटी सांगायचं ठरवलं, फोनवर, लेखी नाही. माझ्या मते लेखी द्यायला हवं होतं. पण धंदा त्यांचा आहे.

पर्याय

पुढं काय, यावर बऱ्याच कल्पना निघाल्या. भट्टीत घालून क्यूरी तापमानाच्या वर न्यावं, हा पहिला. चुंबकत्व नक्की जाईल, पण त्याबरोबर हार्डनिंगही जाईल आणि शाफ्ट वाकेल तो वेगळाच. दीडशे-दोनशे अंशांच्या टेंपरिंगनं, म्हणजे हलकं तापवण्यानं, हार्डनेस टिकतो, पण चुंबकत्वही जवळपास जागेवरच राहतं. बाद.

फोरमननं सुचवलं की शाफ्ट लाकडी ठोकळ्यावर आपटावेत, हादऱ्यानं चुंबक उतरतो. यात तथ्य नाही असं नाही, पण हादरा दुधारी असतो. विल्यम गिल्बर्ट यांनी १६०० मध्ये आपल्या ग्रंथात लोहाराचं चित्रच दिलं आहे. तापलेली सळई उत्तर-दक्षिण धरून ठोकली तर थंड होताना ती पृथ्वीच्याच क्षेत्रानं चुंबक बनते. पृथ्वी स्वतः एक मोठा चुंबक आहे, हे त्यांचं प्रतिपादन. ग्राइंडिंग झालेला शाफ्ट आपटायची कल्पना कुणी मनावर घेतली नाही, ते बरंच झालं.

स्वतःचं डीमॅग मशीन घ्यावं, हा मालकांच्या भावाचा आग्रह. कोटेशनही आलं होतं. पण ते मशीनही ५० हर्ट्झ एसीचंच होतं. पैसे घालून तीच अडचण शिरोलीतून उद्यमनगरात आली असती. हा खर्च वाचला, यातच माझ्या मते निम्मी फी वसूल झाली.

खरी निवड दोन गोष्टींत होती.

पहिली, हेडशॉट एसीचा करावा. मग चुंबकत्व कातडीपुरतंच राहील आणि एसीनंच उतरेल. ग्राइंडिंगच्या भेगा पृष्ठभागावरच असतात, त्या एसीत उलट जास्त स्पष्ट दिसतात. पण गिऱ्हाइकाच्या टेस्ट पद्धतीत डीसी लिहिलेली, पृष्ठभागाच्या किंचित खालचे फोर्जिंगचे दोषही दिसावेत म्हणून. ती बदलायची तर त्यांच्या डिझाइनवाल्यांची मंजुरी हवी, म्हणजे महिने.

दुसरी, टेस्टचा क्रम बदलावा. शिरोलीत आधी कॉइलशॉट आणि मग हेडशॉट घेत, म्हणजे शेवटी शाफ्टमध्ये उरणारं चुंबकत्व गोल, न दिसणारं. हेडशॉट आधी आणि जोरदार कॉइलशॉट शेवटी घेतला तर गोल चुंबकत्व वळून लांबीच्या दिशेला येतं आणि टोकांवर मोजता येतं. मग ते डीसी उलटवत उतरवायचं. एकदा सुलट, एकदा उलट, दर वेळी करंट कमी. उलटणं सावकाश असल्यानं क्षेत्र गाभ्यापर्यंत पोचतं. शिरोलीच्या मशीनवर या कामाचा स्विच मुळातच होता. एका शाफ्टला लागणारा वेळ वाढतो म्हणून कुणी तो वापरत नव्हतं, एवढंच.

दुसरा पर्याय घेतला.

काय केलं

शिरोलीवाल्यांना पटवणं सोपं गेलं नाही. त्यांच्या रिपोर्टमध्ये खोट काढतोय असा त्यांचा समज झाला. खरं तर त्यांनी मोजलेला आकडा बरोबरच होता, मोजायची जागा चुकीची होती. तेही कुणी सांगितलं नव्हतं म्हणून. कापलेला शाफ्ट आणि होकायंत्र घेऊन गेलो. सुई फिरलेली त्यांच्या सुपरवायझरनं स्वतः पाहिली आणि पुढचं बोलणं दरावर आलं.

होल्डवरचा न कापलेला माल पुण्याहून परत मागवला आणि पुन्हा नव्या क्रमानं काढला. कॉइल टेबल उत्तर-दक्षिण होतं, ते फिरवून पूर्व-पश्चिम केलं. लांब शाफ्टच्या बाबतीत डीमॅगच्या शेवटच्या पायरीला पृथ्वीचं क्षेत्रही हात मारून घेतं. ०.४ गॉस हा आकडा दिसायला क्षुल्लक आहे. पण चुंबकत्वाच्या मोजमापात क्षुल्लक गोष्टी भोवतात, हे महाराष्ट्राला जुनं ठाऊक आहे. मुंबईत विजेच्या ट्राम धावणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचं चुंबकीय मोजमाप १९०४ मध्ये अलिबागला हलवावं लागलं. ट्रामच्या करंटनं सुया थरथरल्या असत्या आणि कित्येक दशकांच्या नोंदींची साखळी बिघडली असती.

पडताळणीसाठी ठरलं ते असं: दर लॉटमधला एक अंडरसाइज किंवा अन्य कारणानं बाद झालेला शाफ्ट टेस्ट-डीमॅगमधून मालाबरोबरच जाणार, परत आल्यावर मामा त्यात खाच मारणार आणि खाचेच्या दोन्ही कडांवर रीडिंग घेतलं जाणार. खिशातला गोल मीटर ढोबळ दिशा दाखवायला ठीक असतो, खाचेच्या आत तो शिरत नाही. त्यासाठी बारीक पात्यासारख्या हॉल प्रोबचा, म्हणजे चुंबकीय क्षेत्र ओळखणाऱ्या टोकाचा, गॉसमीटर घेतला.

निकाल

नव्या क्रमानं काढलेल्या पहिल्या शाफ्टच्या खाचेत दीड गॉस आला. पुढचे लॉटही दोनच्या आत राहिले. गिऱ्हाइकानं होल्ड उठवला.

एका लॉटला मात्र टोकांवर चार गॉसपर्यंत रीडिंग आलं आणि पुन्हा धावपळ झाली. यात शिरोलीचा काही दोष नव्हता. उद्यमनगरातच फायनल इन्स्पेक्शनला डायल गेजचा मॅग्नेटिक बेस थेट शाफ्टवर बसवून रनआउट, म्हणजे फिरताना शाफ्ट किती डगमगतो ते, बघत होते. साफ केलेल्या शाफ्टला आपणच परत चुंबक लावत होतो. बेस आता सरफेस प्लेटवर बसतो.

कीवे मारून झालेले आणि बेअरिंग चढलेले नग वाचले नाहीत. त्यांचा खर्च कुणी सोसायचा यावर बरीच घासाघीस झाली. शेवटी गिऱ्हाईक आणि वर्कशॉप यांनी वाटून घेतला. शिरोलीवाल्यांनी त्यातलं काही उचललं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

ड्रॉइंग बदललं त्या दिवशीच. एखादं ऑपरेशन टेस्टच्या पुढं जातं तेव्हा टेस्टचा निकाल त्या ऑपरेशननंतरही खरा राहतो का, हे विचारायला हवं होतं. मितींच्या बाबतीत हे सगळे विचारतात, हार्डनेसच्या बाबतीतही. गॉसचा आकडा ड्रॉइंगच्या कोपऱ्यात टीपेत असतो, तिथं नजर जात नाही.

गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगवरही "३ गॉसच्या आत" एवढंच होतं. कुठं मोजायचं, कशानं मोजायचं, कुठल्या टप्प्यावर, यातलं काही नाही. चुंबकत्व हा वजनासारखा अख्ख्या पार्टचा एक आकडा नसतो, तो जागेनुसार आणि आकारानुसार बदलतो. दोन्ही बाजूंनी मोजायची जागा लिहून घेतली असती तर पहिल्या फोनवरच उलगडा झाला असता. आता नव्या रिपोर्टमध्ये तो रकाना आहे.

पंधरवडाभर ईमेल लिहिण्यात गेला. त्याऐवजी पहिल्याच दिवशी पुण्याहून एक कापलेला शाफ्ट मागवून घेतला असता तर नुसत्या टाचणीनंही गोष्ट कळली असती. मालकांना हे मान्य नाही. त्यांचं म्हणणं, कापलेला शाफ्ट मागवणं म्हणजे चूक कबूल केल्यासारखं दिसलं असतं. व्हेंडरच्या खुर्चीतून तसंच दिसतं, त्यावर माझ्याकडं उत्तर नाही.

एसी हेडशॉटचा प्रस्ताव गिऱ्हाइकाच्या डिझाइनवाल्यांकडं अजून पडून आहे. तो मंजूर झाला तर वेळ बराच वाचेल. तोवर शिरोलीवाले जादा वेळेचे पैसे लावतात, मालक दर महिन्याला त्यावरून कुरकुरतात आणि मामा दर लॉटला एका भंगार शाफ्टात खाच मारतात.